समोरचा हात

३ मार्च २००९, मंगळवार

निंगझाईला पोचले एकदाची. झेंगझोउपासून बसने तीन तास, त्यातला एक तास मांडीवर शेजारणीचं कोंबडं घेऊन. पण उतरले आणि सगळा शीण गेला. दोन्हीकडे हिरवागार गहू आणि मध्ये गाव. एकवीस वर्षं सूतगिरणीत कापसाची धूळ खाल्लेली माझी छाती आज पहिल्यांदा न खोकता भरली.

घर दुमजली आहे, बाहेरून पांढऱ्या फरशा लावलेलं, मध्ये मोठं अंगण. मला खालची खोली दिली. तिला खिडकी आहे आणि आतून कडी आहे. पन्नाशी आली तेव्हा कुठे बियान सुलानला स्वतःची कडी मिळाली.

ज्यांची सेवा करायची ते निंग गुरुजी एकाहत्तर वर्षांचे. ताय-ची शिकवणाऱ्यांत नाव एवढं मोठं की ‘गुरुजींकडे का?’ म्हणत बसच्या वाहकाने माझी पिशवी स्वतः उतरवून दिली. डिसेंबरात त्यांना झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मात्र शाबूत, आणि फार तीक्ष्ण. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची विधवा सून चुनशिया. गुरुजींच्या व्हिडिओच्या सीडी विकायचा धंदा तीच बघते. चाळिशीची, चटपटीत, बोलायला गोड. म्हणाली, ताई, नोकरी म्हणून राहू नका, घर समजून राहा. असं म्हणणाऱ्या घरात काम दुप्पट असतं हे मला ठाऊक आहे. तरी बरं वाटलं.

शुश्रूषेच्या वर्गात बाईंनी बजावलं होतं की रुग्णाची रोज नोंद ठेवा. तेव्हा वहीच्या पुढच्या बाजूने गुरुजी आणि मागच्या बाजूने मी.

निघताना झेनयूला फोन केला होता. एकुलता एक मुलगा, दक्षिणेत डोंगग्वानला मोबाइलच्या कारखान्यात आहे. ‘बरं’ म्हणाला. आई नव्या गावी चालली, त्यावर एवढंच. असो. आज मन छान आहे, बिघडवायचं नाही.

९ मार्च, सोमवार

कामाची घडी बसली. पहाटे अंग पुसणं, कुशीवर वळवणं, मग बाजरीची पेज चमच्याने. गुरुजी निमूट खातात. नंतर टीव्ही लावायचा, तो संध्याकाळपर्यंत. दुसरं काही बघत नाहीत, स्वतःच्याच सीडी. पलंग टीव्हीच्या शेजारी काटकोनात लावलाय, त्यामुळे खोलीत वावरताना मला दोन्ही गुरुजी दिसतात, काचेतले आणि पलंगावरचे.

काचेतले गुरुजी पांढऱ्या कपड्यांत, मागे पिवळी नदी. हात वर नेतात तेव्हा हात नेला असं वाटतच नाही, वर जायची वेळ झाली म्हणून गेला असं वाटतं. पाय टेकवतात तो जमिनीला विचारून. मी फडकं हातात घेऊन उभीच राहिले आज.

एकोणीस वर्षांची असताना आमच्या गिरणीत ताय-चीचा वर्ग निघाला होता. मी नाव द्यायला गेले तर मुकादम म्हणाला, चात्यांवरच्या पोरींचे हात धागा तुटला की गाठ मारायला, हवेत फिरवायला नाहीत. सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला. पुढे आयुष्यात जे शिकले ते बघूनच शिकले. सूत बघून, स्वयंपाक बघून. नवऱ्याचं खोटं ओळखायलाही बघूनच शिकले, फक्त जरा उशिरा.

१६ मार्च, सोमवार

गंमत झाली. फरशी पुसता पुसता माझे हात गुरुजींबरोबर फिरायला लागले. ‘ढगांसारखे हात’ नावाचा प्रकार आहे, एक तळवा चेहऱ्यासमोरून जातो, दुसरा पोटासमोरून. इतक्यात पलंगाच्या दांडीवर ठक ठक आवाज. गुरुजी चांगल्या हाताने दांडी ठोकत होते. मला वाटलं रागावले. मी माफी मागून बादली उचलली तर आणखी जोरात ठोकायला लागले.

चुनशिया धावत आली, बघितलं आणि हसली. म्हणाली, रागावले नाहीत, खूश झालेत. करा ना ताई, त्यांना सोबत होईल. संध्याकाळी मला सीडींचा एक डबा आणून दिला. सगळ्या समोरून घेतलेल्या. दुकानाच्या फळीवर पाठीमागून घेतलेल्याही आहेत, शिकणाऱ्यांना त्याच बऱ्या असं बाहेर पाटीवर लिहिलंय, कारण त्यात डावं ते डावं राहतं. मी ते विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला कुठे स्पर्धेत जायचंय? आरशात बघून करतात तसं करा. त्यांचा डावा वर गेला की तुमचा उजवा वर.

मान्य केलं. फुकट मिळतंय त्यात खोट कशाला काढा.

२ एप्रिल, गुरुवार

रोज दोन तास करते. एकेक हालचाल थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून. आधी फक्त हात दिसायचे. मग कळलं, हात खोटे आहेत, खरं कमरेत आहे. मग कळलं, कमरही खोटी आहे, खरं आहे ते वजन, या पायातून त्या पायात ओतलं जाणारं, कळशीतलं पाणी ओतावं तसं. एकदा ते दिसलं की गुरुजी श्वास कधी घेतात तेही दिसतं. आता माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर पडतो.

आज सकाळी पेठेतल्या मैदानावर गेले. सत्तर-ऐंशी माणसं एका तालात करत होती. मी मागे उभी राहिले. पाचव्या हालचालीला शेजारच्या बोळक्या म्हाताऱ्याच्या पोटात माझं कोपर बसलं. तो म्हणाला, ‘बाई, सगळं गाव पूर्वेला चाललंय, तुम्ही एकट्याच परतीच्या गाडीत बसलात काय?’ मी म्हटलं, गुरुजींसमोर उभी राहून शिकतेय. त्याचं हसू गेलं. तो रांगेत दुसरीकडे जाऊन उभा राहिला. मोठे आले उजवं-डावं शिकवणारे. मी परत जाणार नाही तिथे.

१९ एप्रिल, रविवार

गुरुजींचा डावा अंगठा हलला.

मी ‘एकेरी चाबूक’ करत होते. एका हाताची बोटं चोचीसारखी मिटायची आणि दुसरा हात लांब उघडायचा. माझी चोच मिटली आणि पलंगावर त्यांचा अंगठा तर्जनीला लागला. मी ओरडून चुनशियाला बोलावलं. तिने कॅमेराच आणला. पुन्हा करा म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा हलला. आम्ही दोघी रडलो. म्हणजे मी रडले, ती कॅमेऱ्याच्या मागे होती.

३ मे, रविवार

गुरुजी उठून बसतात. आज बोलले. चार महिन्यांनंतरचा पहिला शब्द आणि तो मला. ‘खाली.’ माझं उजवं कोपर वर राहिलं होतं. मी खाली घेतलं. मग म्हणाले, ‘हं. चांगलं.’

लोक दर्शनाला आल्यासारखे येताहेत. ताय-चीनेच बरे झाले, दुसऱ्यांदा बरे झाले, म्हणताहेत. चार वर्षांपूर्वीही असाच झटका आला होता म्हणे. माझं नाव कुणी काढत नाही. न काढोत. मला ते ‘चांगलं’ पुरेल.

संध्याकाळी पेजेची वाटी हातातून पडली.

१४ मे, गुरुवार

जेवायच्या काड्या धरवत नाहीत, शेवया ताटात पडतात. चुनशिया म्हणाली, थकलात ताई. कौतुकाने अंड्याचं सूप करून दिलं.

वहीत लिहायला बसले आणि दोन्ही बाजू ताडून बघितल्या. का बघितल्या कुणास ठाऊक.

पुढून, १९ एप्रिल: रुग्णाच्या डाव्या अंगठ्यात हालचाल. मागून मी लिहिलेलं नाही, पण आठवतं, त्या दिवशी पिशवीची गाठ सुटेना. उजव्या अंगठ्याला मुंग्या.
पुढून, ३ मे: डाव्या मुठीत पकड. मागून: वाटी पडली. उजवा.
पुढून, ११ मे: डावं पाऊल उचललं. त्याच दिवशी मी अंगणाच्या पायरीला ठेचकाळले होते. उजवा पाय.

वयाने होतं. कापसाच्या धुळीनेही होत असेल.

२० मे, बुधवार

डब्याच्या तळाशी एक जुनी सीडी मिळाली. २००५, गुरुजींचं पहिलं आजारपण. पलंग हाच, खोली हीच. एका कोपऱ्यात बाई उभी आहे, निळा झगा, माझ्याच वयाची. गुरुजींकडे तोंड करून हात फिरवते. फार सुंदर करते, माझ्याहून चांगलं. पुढच्या भागात गुरुजी उभे आहेत आणि ती खुर्चीत. त्याच्या पुढच्या भागात ते अंगणात करताहेत, ती खुर्चीतच, मान कलती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

चुनशियाला विचारलं कोण ही. म्हणाली, पांग काकू, आधी कामाला होत्या. तब्येत नाजूक होती बिचाऱ्यांची.

२२ मे, शुक्रवार

पांग काकूंची मुलगी पेठेत टोफू विकते. वडी घेता घेता विचारलं. तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. म्हणाली, ‘कुठवर आलंय? मनगट की कोपर?’

मला मागच्या खोलीत नेलं. काकू पडून आहेत. वाचा नाही. मला बघून चांगला हात डोळ्यांवर घेतला आणि खाली करेनात. मुलगी म्हणाली, कुणी समोर उभं राहिलं की आई असंच करते. कुणी आपल्याकडे बघितलेलं तिला चालत नाही. चार वर्षांत मी तिला भरवते तीसुद्धा पाठीमागे बसून.

मी विचारलं, गावात का सांगितलं नाही? ती म्हणाली, ‘काय सांगू? बघता बघता माझी आई लुळी पडली म्हणून? लोक हसतील, आणि टोफू घ्यायचेही बंद होतील. या गावात प्रत्येक चूल गुरुजींच्या नावावर पेटते, ताई. माझीसुद्धा.’ आईला घरी आणलं त्या दिवशी गुरुजी तिला फाटकापर्यंत सोडायला आले होते म्हणे. स्वतःच्या पायांनी.

टोफूचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, जा. आजच जा.

२३ मे, शनिवार

न बोलता जायला हवं होतं. पण माझ्यात ती अक्कल असती तर मी इथवर आलेच नसते. चुनशियाला तोंडावर विचारलं. ती भांडली नाही, नाकारलंही नाही. कांद्याची पात चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, ‘मी तुम्हाला हात फिरवा म्हणून पलंगावरून खाली ओढलं होतं का? तुम्हीच उभ्या राहिलात ताई. पांग काकूही आपण होऊनच उभ्या राहिल्या. आम्ही फक्त टीव्ही लावतो.’

खोटं नव्हतं ते. तेच सगळ्यात जास्त लागलं.

गुरुजींकडे गेले. खिडकीशी उभे होते. त्यांना सगळं ठाऊक आहे, डोळ्यांत दिसतं. म्हणाले, ‘तीस वर्षांत तुझ्यासारखं बघणारं कुणी भेटलं नाही.’ आणि मला, मला त्या क्षणीही बरं वाटलं. थू माझ्यावर.

२५ मे

टीव्हीला पाठ करून बसले. बंद केला तर ते लावतात, रिमोट त्यांच्या हातात, डाव्या हातात. आवाज नुसता पाण्याचा आणि बासरीचा. तेवढ्यावर माझा श्वास त्यांच्याबरोबर पडतो. मोजून वेगळा घ्यायला गेले, घुसमटले.

नंतर अंगणात कपडे धूत होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि सुरू केलं. भर दुपारी, उन्हात. मी मान खाली घातली. टबातल्या पाण्यात ते दिसत होते. माझे हात साबणाच्या पाण्यात हळूहळू—मी नाही. हातच. ढगांसारखे.

उद्या सकाळची बस.

२६ मे

फाटक उघडंच होतं. कुणी अडवलं नाही. चुनशियाने वाटेसाठी वाफवलेले पाव बांधून दिले. घेतले मी. भूक तर लागणारच.

बस थांब्याला मैदानावरून जावं लागतं. सगळी माणसं उभी. भोंग्यावर गुरुजींचा आवाज, पुढे पडद्यावर गुरुजी, दुमजली घराएवढे, समोरून. मी डोळे मिटून चालले. पंधरा पावलं. मग पाऊल जमिनीला विचारून पडायला लागलं—

बसमध्ये आहे. उजवा हात पिशवीवर ठेवलाय. डाव्याने उचलून ठेवला. हे अक्षर कुणाला लागेल की—

[पुढचं डाव्या हाताने]

३० जून

जिल्ह्याचा दवाखाना. महिना झाला. डॉक्टर म्हणतात रक्तदाब. वय. सगळं बरोबर बसतं त्यात. उजवं अंग गेलं. वाचा गेली. फक्त ‘हा’ एवढाच आवाज येतो. नको म्हणायचं तरी हा.

झेनयू आलाय.

१२ जुलै

झेंगझोउचं घर. गिरणीच्या वसाहतीतलं. झेनयूला रजा दिली नाही, त्याने नोकरी सोडली. माझ्यासाठी. मी त्याला काय काय समजत होते.

तो भरवतो. लहानपणी मी त्याला भरवलं नाही, पाळ्या होत्या. तो म्हणतो, आई, तोंड उघड, गाडी आली. सत्तावीस वर्षांचा आहे.

२ ऑगस्ट

माझा डावा हात आपोआप फिरतो. सकाळी. खुर्चीत बसल्या बसल्या. झेनयूने बघितलं. माझ्या पिशवीत राहून गेलेली सीडी त्याला मिळाली होती. त्याला वाटलं, आईला करावंसं वाटतंय. समोर स्टूल घेऊन बसला. म्हणाला, ‘तू कर, मी तुझं बघून करतो. तुलाही व्यायाम, मलाही. चला गुरुजी, शिकवा.’

मी हा हा हा केलं. त्याला होकार वाटला.

वहीत लिहून दाखवलं—नको. तो म्हणाला, लाजतेस काय माझ्यासमोर.

९ ऑगस्ट

पाठ फिरवायला खुर्ची फिरत नाही. डोळ्यांवर हात घेतला. त्याने प्रेमाने खाली केला.

१८ ऑगस्ट

उजवा अंगठा हलला. माझा. झेनयू रडला. मीही.

वही जवळच होती.

२१ ऑगस्ट

उजव्या हाताने लिहिते आहे. वाकडं आहे पण माझंच अक्षर आहे.

झेनयूच्या हातून कढई पडली. डावा हात. म्हणाला, कारखान्यात सगळं हलकं असायचं, सवय गेली.

२३ ऑगस्ट

पाच दिवस झाले. अठराला कळलं होतं मला. त्याच दिवशी. सांगेन म्हटलं, उद्या. मग म्हटलं, काठी धरण्याइतकं होऊ दे—तेवढंच—मग त्याला कशाला माझं ओझं. त्याच्याच भल्याचं.

मी कुठे त्याला समोर बस म्हटलं होतं.

हे मी लिहिलं. खोडत नाही. राहू दे.

२४ ऑगस्ट

शेवया केल्यात त्याने. आज चमचा आणला नाही, काड्या ठेवल्या. म्हणाला, स्वतः खा, मी बघतो. डावा हात मांडीवर ठेवून बसलाय समोर. आखडलाय म्हणतो. होईल बरा.

पान फाडून त्याच्यापुढे धरायचं, एवढंच. माझ्याकडे बघू नकोस. चार शब्दही नाहीत. धरते.

गरम आहेत तोवर खाऊन घेते. तीन महिन्यांनी आपल्या हाताने—घास सांडत नाही—एवढी वाटी संपली की त्याला—